तू एकदाच चुकीची गाठ सांगितलीस

सुखदेव,

काल तुझी शोकसभा झाली. चांगली झाली, आणि तेच मला बोचतं आहे. आपल्या शाळेच्या खोलीत फळ्याखाली टेबल मांडलं होतं, त्यावर तुझा फोटो. लाकूड डेपोच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला होता. त्यात तू रागावलेला दिसतोस, आणि रागावणं तुला कधी जमलंच नाही. हार मी घातला. बैठकीचा चिटणीस म्हणून पहिलं भाषणही माझंच. मी म्हणालो, "दोन माणसं तावातावाने भांडतात तेव्हा भांडण नेमकं कशावर आहे हे त्या दोघांनाही ठाऊक नसतं. सुखदेवला ठाऊक असायचं." लोकांनी माना डोलावल्या. मागच्या बाकावर कोणीतरी नाक पुसलं. खाली बसलो तर शेजारचे पाटील कानाशी लागून म्हणाले, "वा गुरुजी, मन भरून आलं."

मी बोललो त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पण बोलायचं होतं ते वेगळंच होतं, आणि ते मी गिळलं. तेरा वर्षं गिळतोच आहे, सवय झाली आहे.

आधी चांगलं आठवू दे, म्हणजे पुढचं लिहायला बळ येईल.

छप्पन साली विदर्भ तिकडे मुंबई राज्यात गेला आणि आपलं बालाघाट इकडे मध्य प्रदेशात राहिलं. कचेरीत हिंदी, बाजारात हिंदी, पोरंही आपसांत हिंदीत भांडायला लागली. निदान आठवड्यातून एकदा मराठीत भांडावं म्हणून आपण अकरा जणांनी शनिवारची बैठक सुरू केली. दर शनिवारी संध्याकाळी एकेकाच्या घरी पाळीपाळीने जमायचं, एक विषय घ्यायचा, दोन बाजू करायच्या, आणि ज्याचं घर त्याने चहा द्यायचा. तू तेव्हा नुकताच बैहरच्या डेपोवरून बदलून आला होतास. भाड्याच्या एका खोलीत राहायचास, म्हणून पाळीच्या यादीत तुझं नाव नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या बैठकीला विषय होता, पोराला मराठी शाळेत घालावं की हिंदी. पाटील मराठीच्या बाजूने, किरनापूरचे डोमाजी हिंदीच्या. तासाभरात दोघं एकमेकांच्या बापापर्यंत पोचले. तू कोपऱ्यात मांडी घालून बसला होतास. तू फक्त विचारलंस, "पाटील, तुमचं पोरगं शिकून कुठं जाईन?" पाटील म्हणाले, "नागपूरले, अजून कुठं?" मग डोमाजींना तेच विचारलंस. ते म्हणाले, "जबलपूर. तिथं माहा साळा हाय रेल्वेत."

"मंग भांडण भाषेचं नाही बाप्पा," तू म्हणालास. "एकाचं पोरगं नागपूरच्या गाडीत बसून राह्यलं, दुसऱ्याचं जबलपूरच्या. गाठ तिथं हाय. पोराले कोणी इचारलं काय?"

सगळे जे हसले! डोमाजींना तर ठसका लागला. त्या दिवशीच ठरलं की बैठकीत हार-जीत नाही. शेवटी सुखदेवने उठायचं आणि गाठ सांगायची. दोन्ही बाजूंनी "हौ" म्हटलं की मी ती वहीत एका ओळीत लिहायची, तरच बैठक संपली.

तुझी रीत मी इतक्या वेळा पाहिली की झोपेतही सांगेन. आधी याने त्याचं म्हणणं बोलून दाखवायचं, तेही अशा शब्दांत की त्याने "हौ, हेच म्हणतो मी" म्हणावं. निम्मी भांडणं तिथेच विरायची. मग दोघांना जे मान्य आहे ते बाजूला काढून ठेवायचं. उरलेल्यावर तुझा तो प्रश्न असायचा, "काय दिसलं तर तू तुझं म्हणणं सोडशीन?" कोणी म्हणालं की काहीही दिसलं तरी सोडणार नाही, तर तू हळू आवाजात म्हणायचास, "मंग इथं वाद नाही. इथं भेव हाय. भेव कायचं, थे सांग."

माझ्या घरातही तू हे केलंस, आणि त्याचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. आमच्या कुसुमला मॅट्रिकसाठी गोंदियाला मामाकडे ठेवावं असं हिचं म्हणणं, आणि मी म्हणे पाठवणार नाही. तीन महिने घरात एकमेकांशी धड बोलणं नव्हतं. तू ओसरीवर बसून आम्हा दोघांना एकमेकांची बाजू मांडायला लावलीस. ही माझी बाजू माझ्याहून चांगली मांडत होती! मग तू माझ्याकडे वळलास. "दौलत, तुले शिकणं नको हाय, की गोंदिया नको हाय, की तुहा साळा नको हाय?" मी लालबुंद झालो. माझं भय एवढंच होतं की मेव्हणा तिथल्या तिथे पोरीचं लग्न जमवून टाकेल. हिने त्याच दिवशी भावाला पत्र लिहून बजावलं. कुसुम आज लांजीला मास्तरीण आहे. तिच्या पहिल्या पगाराचे पेढे घेऊन ती तुझ्या डेपोवर आली होती, आठवतं?

आणि त्या दिवशी ओसरीवर तुझ्या हातात काचेचा ग्लास होता. मला, हिला, समोरच्या काकांना कपबशी, आणि तुला ग्लास. तो ग्लास बाहेरच्या कोनाड्यात असायचा. बैठकीतल्या लोकांना मी सांगून ठेवलं होतं, "त्याले ग्लासातच आवडते." तू तो स्वतः विसळून कोनाड्यात ठेवायचास. तू बुद्धाची दीक्षा घेतलीस तेव्हा मी तुझ्या पाठीवर थाप मारून म्हणालो होतो, "आता आपण सगळे एक." तू म्हणाला होतास, "पाहू." माझ्या घरातला पोरीच्या आयुष्याचा गुंता तू सोडवत होतास आणि मी तुझ्या हातात वेगळा ग्लास देत होतो. हे लिहिताना कान तापतात माझे. तेव्हा तापले नाहीत.

आता त्या शनिवारवर येतो.

तू नदीकडच्या वस्तीत दोन खोल्यांचं घर बांधलंस. विटा शेजारच्याच भट्टीवरच्या, कौलं किरनापूरची. बैठक संपताना तू उठून म्हणालास, "आता माहंही नाव यादीत घाला. पुढचा शनवार माह्याकडं." तुझा चेहरा तेव्हा असा फुलला होता की तो मी आयुष्यात दोनदाच पाहिला, दुसऱ्यांदा तुझ्या मुलीच्या बारशाच्या पेढ्यांच्या वेळी. मी "हो हो" म्हणालो आणि वहीत डोकं घातलं.

मला सांगायला आवडलं असतं की आठवडाभरात कोणी तरी आलं, दबाव आणला, घरातल्या बायकांची नावं पुढे केली. कोणीही आलं नाही. पाटील आले नाहीत, डोमाजी आले नाहीत. मीच प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहून ठरवलं की याला जड जाईल, त्याला जड जाईल. विचारलं एकालाही नाही. आणि गुरुवारी बाजारात तू भेटलास तेव्हा मी म्हणालो, "सुखदेव, या शनवारी शाळेतच जमू. एक विषय आधी निकालात काढू, फिरती बैठक बरी की कायम जागा बरी?" तुझ्या हातात नव्या कपबशांचं पुडकं होतं. सुतळीने बांधलेलं. तू ते एका हातातून दुसऱ्या हातात घेतलंस आणि म्हणालास, "हौ. काढू."

काय रंगली रे ती चर्चा! कायम जागेच्या बाजूने मीच बोललो. वह्या एका ठिकाणी राहतात, उजेड बरा, कोणाच्या घरच्यांना त्रास नाही, नव्या माणसाला पत्ता सापडतो. मुद्द्यामागून मुद्दा. पाटील उलट बाजूने म्हणाले की घरोघरी गेलं की घरातल्या पोरांच्या कानावर मराठी पडते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्यांना तर कळलंही नव्हतं की हा विषय कुठून आला. सगळ्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि तुला.

आणि शेवटी रीतीप्रमाणे मला म्हणावं लागलं, "सुखदेव, गाठ सांग."

तू उठलास. माझ्याकडे पाहिलंस. त्या नजरेत राग असता तर मी सुटलो असतो. तू पाहत होतास ते, मी काही बोलतो का म्हणून. मी पेनाचं टोपण काढलं. मग तू म्हणालास, "एका बाजूले वाटते बैठकीनं घरोघर जावं. दुसऱ्या बाजूले वाटते बैठकीले आपली एक जागा पायजे. दोघंही बैठकीचंच भलं पाहून राह्यले. इथं भांडणच नाही." आणि बसलास.

"हौ," पाटील म्हणाले. "हौ," मी म्हणालो. आणि वहीत लिहिलं, "मतभेद नाही. बैठक यापुढे शाळेत." अक्षर अगदी वळणदार आलं आहे, आज काढून पाहिलं. सापही मेला आणि काठीही मोडली नाही, असा आनंद झाला होता मला त्या संध्याकाळी. घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

त्याला समजलं नाही, असं मी स्वतःला आठ-दहा दिवस सांगत राहिलो. जंगलखात्यातल्या ठेकेदारांची, गाडीवानांची, सख्ख्या भावांची गाठ ज्याने हातासरशी काढली त्याला माझी तेवढी दिसली नाही! मीच मला असं समजावत होतो आणि मलाच ते पटत नव्हतं. तुझ्या उभ्या आयुष्यात तू एकदाच चुकीची गाठ सांगितलीस, आणि ती माझ्यासाठी. तू खरी सांगितली असतीस तर मला त्या खोलीत पुन्हा तोंड दाखवता आलं नसतं. कधीकधी वाटतं तू खरी सांगायला हवी होतीस. दया करून तू मला फार स्वस्तात सोडलंस, आणि स्वस्तात सुटलेला माणूस सुधारत नाही.

एकदा तू प्रयत्न केलास. बैहरहून येताना घाटात बस गरम होऊन थांबली होती. सगळे खाली उतरले, आपण दोघं दगडावर बसलो होतो. तू बिडी पेटवलीस आणि म्हणालास, "दौलत, त्या शनवारची गाठ म्या चुकीची सांगतली."

मी म्हणालो, "कोणता शनवार? जाऊ दे, जुनं झालं."

"एकच इचारतो. काय दिसलं असतं तर तू आला असता?"

तुझाच प्रश्न. दहा वर्षं मी तो इतरांना विचारला जाताना पाहिला होता, आणि उत्तर न देणाऱ्यांना मनातल्या मनात हसलो होतो. मी उठलो आणि ड्रायव्हरपाशी जाऊन विचारू लागलो की पाणी कुठून आणणार, किती वेळ लागणार. वळून पाहिलं तर तू बिडी ओढत समोरच्या सालाच्या झाडांकडे बघत होतास. पुढे तू विषय काढला नाहीस. आणि मीही किती शहाणा, पुढच्या आठवड्यात तुझ्यासाठी डेपोवर आंबे घेऊन आलो. डेपोवर मी नेहमी यायचो. बाजारात, शाळेत, नदीच्या वाळूत, कुठेही. फक्त घरी नाही. शाळेपासून दहा मिनिटांची वाट, आणि तेरा वर्षांत माझे पाय तिकडे वळले नाहीत. तू गेलास त्या दिवशीही मी परस्पर घाटावर येऊन थांबलो. तुला घेऊन आले तेव्हा खांदा दिला तो शेवटच्या पन्नास पावलांना.

विटाळ मानणाऱ्या माझ्या आईचं निमित्त होतं म्हणावं, तर आईला जाऊन नऊ वर्षं झाली. लोकांचं निमित्त होतं म्हणावं, तर तेही काल संपलं. सभेनंतर सतरंजी गुंडाळताना पाटील सहज म्हणाले, "गुरुजी, तुम्ही घरी जाऊन आले ना? म्या परवा गेलतो. पोरीच्या बारशाले जेवलो होतो त्याच्या घरी, तवापासून जाणं-येणं हाय. वहिनी चहा फक्कड करते." मी सतरंजीचं टोक धरून उभा राहिलो. पाटील! ज्यांच्या तोंडाकडे पाहून मी ठरवलं होतं की यांना जड जाईल, ते पाटील. म्हणजे अकरा जणांत ती गाठ फक्त माझीच होती, आणि मी ती बाकीच्यांच्या गळ्यात बांधून मोकळा झालो होतो.

म्हणून आज सकाळी आलो तुझ्या घरी.

वहिनी दारातच होत्या. मला पाहून त्यांनी पदर सावरला आणि आत वळून म्हणाल्या, "रंजना, गुरुजी आले व माय. थे भट्टीकडची खिडकी लाव आधी." तुझी मुलगी धावत गेली, खिडकी लावली, वरून फडकं खोचलं. मी खुर्चीवर बसलो. आतली चूल विझवण्याचा आवाज आला, पाणी शिंपडल्याचा. मग दोघी शेगडी उचलून मागच्या अंगणात नेताना दिसल्या. मला काही उमजेना.

वहिनी चहा घेऊन आल्या. समोर ठेवला आणि अदबीने दूर उभ्या राहून विचारलं, "आता दमा कसा हाय तुमचा?"

"दमा?"

"हे नेहमी सांगत ना. गुरुजीले लय यायचं हाय, पण आपल्या वस्तीत भट्टीचा धूर, त्याहिले सोसत नाही. म्या म्हणे, पावसाळ्यात तं भट्टी बंद असते, तवा आना. तं म्हणे, ओलीनं अजून वाढते त्याहिचा." त्या थोडं हसल्या. "पहिल्या खेपेले म्या सारं घर सारवलं होतं. मंग हे सांगत आले, गुरुजीले दम्याचा झटका आला, बैठक शाळेत गेली."

मला दमा नाही, सुखदेव. साधा खोकलाही नाही. तेरा वर्षं तू तुझ्या घरात माझ्यासाठी एक आजार सांभाळलास. ती बाई चूल विझवून उभी होती आणि मला धूर लागत नाही ना, हे बघत होती.

मी "बरा आहे आता" म्हणू शकलो असतो. जिभेवर आलंही होतं, खोटं कशाला सांगू. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि झाकणारा तू तर आता कायमचा गप्प. चहा प्यालो. मग म्हणालो, "वहिनी, मला दमा कधीच नव्हता."

"मंग काहून नाही आले?"

अगदी सरळ विचारलं. तुझ्याच घरातला प्रश्न तो. मी म्हणालो, "तुमच्या घरचं खाणं-पिणं नको होतं म्हणून. बाकी काही नव्हतं." मान खाली होती, पण आवाज निघाला. तुझ्यासमोर जे तेरा वर्षं निघालं नाही ते तुझ्या बायकोसमोर निघालं, तेही तू नसताना. यात शौर्य काही नाही, मला ठाऊक आहे.

मला वाटलं त्या मला जा म्हणतील. त्यासाठी मी तयार होतो, खरं तर तेच हवं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या तुझ्या खुंटीवरच्या सदऱ्याकडे पाहत होत्या.

"त्याहिले ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. रंजना जवळ आली तर तिला हाताने थांबवलं. "मंग मले काहून नाही सांगतलं?" त्या म्हणाल्या. मला नाही, सदऱ्याला. "म्या का परकी होती? एकलाच घेऊन फिरत राह्यला?" आणि रडू लागल्या. पाटील म्हणाले होते की तू गेल्यापासून वहिनी रडलेल्या नाहीत, लोकांना त्याचीच काळजी लागली आहे.

मी हात जोडून उठलो आणि आलो. कशापायी लपवलंस तिच्यापासून? माझी अब्रू जाईल म्हणून, की तिच्या मनाला लागेल म्हणून, की अशा माणसाला मी मित्र म्हणतो हे बायकोला सांगायची तुलाच लाज वाटली म्हणून? शेवटचं असेल तर ते मला कळायला हवं होतं, आणि बहुतेक तेच असावं.

मी खरं बोलायला गेलो होतो, माझं ओझं उतरवायला. ते तिच्या डोक्यावर ठेवून आलो. एवढ्या वर्षांच्या संसारात तुमच्या दोघांत जे भांडण नव्हतं ते मी आज सकाळी लावून आलो, आणि आपली बाजू सांगायला तू नाहीस.